कचऱ्याच्या पिशवीतली सुई

ती आली तो पाचवा दिवस होता. घंटागाडीवर काम करणारी, तिशीच्या आतबाहेरची, उजव्या तळहाताला चिंधी गुंडाळलेली. कुणाच्या तरी घरची कचऱ्याची पिशवी उचलताना आतली सुई तळव्यात शिरली होती. तिने तळवा दाबून रक्त काढले, घरी जाऊन हळद भरली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गाडीवर गेली. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, हे तिचे कारण. हात सुजला म्हणून ती आली, नाहीतर आलीही नसती.

सुई टोचल्यावर एचआयव्ही टाळण्यासाठी जी औषधे देतात ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम. पुढे ती २८ दिवस घ्यायची असतात. हिचे ७२ तास केव्हाच उलटून गेले होते. मग उरल्या फक्त रक्ताच्या तपासण्या आणि वाट पाहणे. काही महिन्यांनी शेवटचा रिपोर्ट चांगला आला, पण तोवर तिने नवऱ्यालाही काही सांगितले नव्हते. एकदा बाकावर बसल्या बसल्या तिने विचारले, "सिस्टर, ज्यांच्या घरची सुई होती, त्यांना कळलं तरी असेल का?"

नोकरी सोडून वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करणाऱ्या आम्ही काही जणी आज हा लेख लिहीत आहोत तो या प्रश्नासाठी.

त्यांना कळले नसणार, हे उघड आहे. आज आपल्या समाजात घराघरात मधुमेह आहे. इन्सुलिनची सिरिंज, पेनची सुई, साखर तपासायची बारीक टोचणी, हे सगळे रोजचे झाले आहे. वापर झाला की ते कुठे जाते? चहाच्या चोथ्यासोबत, भाजीच्या देठांसोबत, काळ्या पिशवीत. ५ जूनला झाड लावून फोटो काढणाऱ्या घरांतही आम्ही हेच पाहिले आहे.

दवाखान्यात असे चालत नाही. तिथे चार रंग असतात. रक्ताने भिजलेला कापूस आणि बँडेज पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या लालमध्ये, काच निळ्यात आणि सुई पांढऱ्या, टोचून आरपार जाणार नाही अशा डब्यात. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचे नाही, हे आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षीच बजावून सांगितले होते. तीच सुई घरी आली की मात्र तिला कोणताच रंग उरत नाही.

कायदा मात्र आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारचा कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी आपल्यावर टाकली. घातक म्हणजे वापरलेल्या सुया, मुदत संपलेली औषधे, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, ट्यूबलाइट, बॅटरीचे सेल, कीटकनाशकाचे डबे. आपल्याला ओला आणि सुका हे दोन शब्द पाठ झाले. तिसरा बहुतेकांच्या कानावरही आलेला नाही.

वाचकांना घाबरवायचे नाही, पण आकडे सांगायला हवेत. बाधित रुग्णाची ताजी सुई टोचली आणि लस घेतलेली नसेल, तर हिपॅटायटिस बी होण्याचा धोका शंभरात तीसपर्यंत जातो. हिपॅटायटिस सीचा शंभरात दोन-तीन आणि एचआयव्हीचा हजारात साधारण तीन. कचऱ्यातल्या वाळलेल्या सुईने एचआयव्ही होण्याची शक्यता याहूनही फार कमी असते. परंतु हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात सात दिवसांपर्यंत तग धरतो. त्यावर तीन डोसांची चांगली लस आहे. दवाखान्यात आम्हाला ती मिळाली. आमच्यापेक्षा जास्त सुया ज्यांच्या हाताला लागतात त्या कंत्राटी सफाई कामगाराला ती कुणी दिली, हे आपल्या वॉर्डात विचारून पाहा.

गेल्या वर्षी एका विहारातल्या बैठकीत आम्ही हा विषय मांडला. तेव्हा एक निवृत्त काका उठून उभे राहिले आणि रागानेच म्हणाले, "ताई, आमच्या आजोबांनी गावाची घाण उपसली. बाबासाहेबांनी ते काम सोडायला लावलं. आता तुम्ही आम्हाला परत कचऱ्यात हात घालायला सांगता?"

बैठक एकदम गप्प झाली. काकांचा राग खोटा नव्हता, म्हणून आम्हीही लगेच उत्तर दिले नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृत मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी ते हट्टाने पाळले. पुष्कळ गावांत त्यासाठी बहिष्कार सोसला. म्हणूनच आम्हाला काकांना विचारावेसे वाटते: आपण सोडले, पण तुमच्या सोसायटीचा कचरा आज कोण उचलतो? त्या माणसांची आडनावे एकदा विचारा. मेहतर, मेघवाळ, मातंग आणि शिक्षणाची संधी न मिळालेली आपलीच भावंडे. डोक्यावरचे ओझे आपण उतरवले ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर ठेवण्यासाठी नव्हते. आपल्याच घरातली सुई बाटलीत टाकणे हे कुठल्याही जातीचे काम नाही. ते आपण केले नाही, तर मात्र कुणाच्या तरी जन्माला चिकटलेले काम होऊन बसते.

वर्षावासात विहारोविहारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्यात राजगृहाचे रस्ते झाडणारा सुनीत येतो. तथागतांनी त्याला संघात घेतले, हे ऐकताना आपले डोळे ओले होतात. सुनीत जो कचरा झाडत होता तो गृहस्थांनीच रस्त्यावर टाकलेला होता, त्याकडे आपले लक्ष जात नाही. त्या कथेत आज आपण कुठे उभे आहोत?

आता करायचे काय ते. फिनाईलची किंवा डिटर्जंटची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली चालणार नाही. वापरलेली सुई लगेच तीत टाका. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी गुंडाळा आणि मोठ्या अक्षरात 'सुया' लिहा. मग ती घरगुती घातक कचऱ्याच्या गाडीत द्या, नाहीतर जिथे उपचार घेता त्या दवाखान्यात. आमची बाटली एका ठिकाणी दोनदा परत केली. तिसऱ्यांदा नियमाची प्रत घेऊन गेलो, तेव्हा ठेवून घेतली. हा त्रास होणार, हे धरूनच चाला.

पॅड आणि डायपरबद्दल बोलायला आपल्या बायका अजून लाजतात. उघडे पॅड ओल्या कचऱ्यात गेले की ते उघड्या हाताने वेगळे काढावे लागते, आणि ते काढणारीही बाईच असते. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने सोपी पद्धत रुजवली: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला. पाच सेकंदांचे काम आहे. पॅडसोबत गुंडाळायला पाकीट द्यावे, असे २०१६ च्या नियमांनी कंपन्यांनाही सांगितले होते. ते मिळत नसेल तर दुकानदाराकडे मागा. संडासात मात्र पॅड टाकू नका. ड्रेनेज तुंबले की त्यात माणूस उतरवला जातो. २०१३ च्या कायद्याने ते बंद केले आहे, तरी गटारात गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. कापडी पॅड किंवा कप वापरता आले तर कचराच होत नाही, हे खरे. पण जिथे धुवायला पाणी नाही आणि वाळत घालायला आडोसा नाही, तिथल्या बाईला हा उपदेश करण्याआधी नळाची सोय मागावी, असे आमचे मत आहे.

सुक्या कचऱ्याचे थोडक्यात. दुधाची पिशवी धुऊन वाळवली तर भंगारात तिला भाव येतो. खरकट्यात बरबटली तर ती डेपोवरच जाते. पुठ्ठा भिजला की त्याचा दर पडतो, आणि तो तोटा वेचणाऱ्या बाईच्या त्या दिवसाच्या भाकरीतून जातो. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना सहसा कुणी गिऱ्हाईक नसते, तेव्हा ती घरी आणतानाच विचार करावा.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीनंतर रस्त्यावर पडणारे द्रोण आणि पाण्याच्या बाटल्या १५ तारखेला सकाळी कोण गोळा करते, हे जयंती मंडळांना वेगळे सांगायला नको. काही मंडळांनी आता स्टीलच्या ताटल्या घेतल्या आहेत. धुवायची पाळी पुरुषांचीही लावली तर आम्हाला जास्त आनंद होईल.

हे सगळे घरोघरी झाले म्हणून महापालिका सुटत नाही. हातमोजे, गमबूट, हिपॅटायटिस बीची लस आणि सुई टोचल्यास भरपगारी रजा, या मागण्यांचा अर्ज आम्ही तयार ठेवला आहे. विहाराच्या पुढच्या बैठकीत तो सह्यांसाठी येईल. तोवर आपल्या घंटागाडीवरच्या ताईला एवढे जरूर सांगा: सुई टोचली तर दाबू नका, चोखू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. खाडा पडला तर आम्हाला कळवा, मुकादमाशी आम्ही बोलू.