सावित्रीत सोडण्याआधी

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूर-महाडकडच्या एखाद्या जुन्या घरात देव्हाऱ्याशेजारी लाल रुमालात बांधलेली पोथी असते. आत बहुधा विष्णुसहस्रनाम, नाहीतर एखादी नामावली. पानं झिजली की ती सावित्री नदीत सोडायची, अशी रीत. त्यामागची श्रद्धा मी मानतो, तरीही ही रीत थांबायला हवी.

‘छापील मिळतंच की’, असं लोक म्हणतात. पण स्तोत्रात नावं श्लोकांत सलग गुंफलेली असतात. अर्चनेसाठी एकेका नावापुढे ‘नमः’ लावायचं, तर नाव कुठे संपतं हे आधी ठरवावं लागतं. शंकराचार्य आणि पराशर भट्ट यांच्या भाष्यांतही ही फोड सगळीकडे सारखी नाही. बोरूनं सलग लिहिलेल्या ओळीत लेखकानं तांबड्या शाईचा दंड कुठे दिला, यावरून त्या घरातलं पठण कोणत्या परंपरेचं हे कळू शकतं. शेवटच्या पानावर बरेचदा शक, तिथी, गाव, कोणी कोणासाठी लिहिलं, तेही असतं. छापील पुस्तकात हे कुठून येणार?

विष्णुसहस्रनाम महाभारताच्या अनुशासनपर्वातलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं 1919 मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 मध्ये पुरी झाली. त्यासाठी 1,259 हस्तलिखितं तपासली गेली. कोणीतरी ती जपली होती, म्हणून हे काम झालं.

महाड तालुक्यातली, समर्थ रामदासांची शिवथरघळ 1930 मध्ये शोधणारे धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव मठामठांतून रामदासी बाडं गोळा करत हिंडले. ते वेळेवर पोहोचले. 22 जुलै 2021 ला महाडमध्ये पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा भिजलेल्या कागदांची मोजदाद कोणी केली?

केंद्रानं 2025 च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ‘ज्ञान भारतम्’ ही मोहीम जाहीर केली. चांगलंच आहे. पण त्या मोहिमेचा माणूस तुमच्या माळ्यापर्यंत येईस्तोवर आणखी किती पावसाळे जातील? पोथी कोरड्या दिवशी उघडा. पोथी उन्हात न ठेवता, प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढा. समासातली टिपणं आणि कोरी वाटणारी पानंही सोडू नका. फाटलं असेल तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ही पोथी कोण वाचायचं, कोणत्या दिवशी. ते उत्तर वेगळ्या कागदावर लिहून फोटोंसोबत ठेवा.