नाव चिकटवलेली वाटी

गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी, मॅडिसनमधल्या एका सहकाऱ्याच्या घरी आम्ही नऊ जण जेवायला होतो. टेबलावर क्रॅनबेरी सॉसचा मोठा बोल आणि शेजारी एक छोटी काचेची वाटी. वाटीवर पिवळी चिठ्ठी. चिठ्ठीवर माझ्या मैत्रिणीचं नाव आणि खाली 'शुगर-फ्री'. तिला टाइप १ डायबिटीस आहे, लहानपणापासून. यजमानांनी हे प्रेमानेच केलं होतं, शंकाच नाही. तरी ती चिठ्ठी मला तेव्हाही खटकली आणि आजही खटकते. पथ्य असलेल्या माणसासाठी वेगळी वाटी काढणं हा पाहुणचार नव्हेच, ती यजमानाने स्वतःच्या मनाची केलेली सोय आहे.

कशी ते सांगतो. त्या टेबलावर मॅश्ड पोटॅटो होते, पावाचं स्टफिंग होतं, मैदा लावून घट्ट केलेली ग्रेव्ही, मार्शमेलो घातलेली रताळी, शेवटी पंपकिन पाय. यातल्या एकाही पदार्थात किती कार्ब्स आहेत, हे कोणाला सांगता आलं नसतं. टाइप १मध्ये इन्सुलिन बाहेरूनच घ्यावं लागतं आणि जेवताना किती घ्यायचं, ते ताटातल्या कार्ब्सच्या ग्रॅमवर ठरतं. तिला हवा असतो आकडा. आकडा असला की साखरही हिशोबात बसते आणि नसला की बटाटाही महागात पडतो. आम्ही मात्र दोन चमचे सॉसचा प्रश्न सोडवून खूश होतो, बटाट्याच्या डोंगराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ती मोठ्या बोलकडे वळली तेव्हा तिघांनी एकदम विचारलं, "तुला हे चालतं?"

त्या वाटीतला सॉस एरिथ्रिटॉल घालून केलेला होता. गार झाल्यावर त्याचे खडे होतात. दाताखाली रेती, जिभेवर विचित्र गारवा. तिने दोन चमचे खाल्ले आणि "मस्त झालंय" म्हणाली. पथ्यवाल्यांना हे एक जास्तीचं काम असतं, आभार मानण्याचं.

आमच्या घरी एकादशीला आजीचा उपास असायचा आणि साबुदाणा अख्ख्या घराचा भिजायचा. खिचडीवर झुंबड उपास नसलेल्यांचीच. हे मी अभिमानाने सांगायला लागतो आणि मग आठवतं, की त्याच घरात आजोबांना मधुमेह निघाल्यावर त्यांचा चहा वेगळ्या पातेल्यात गेला. उपासाला मान, आजाराला वेगळं पातेलं. तेव्हा अमेरिकनांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

या वर्षी सॉस मी केला. अमेरिकेतलं निम्म्याहून जास्त क्रॅनबेरीचं पीक विस्कॉन्सिनमध्ये येतं, इथे राहून डब्यातला सॉस आणणं तसंही लाजिरवाणं. फळ करवंदाएवढं, लाल आणि नुसतं खाल्लं तर डोळे मिटायला लावणारं. १२ औंसांची, म्हणजे ३४० ग्रॅमची पिशवी मिळते. नेहमीच्या कृतीत तिला एक कप पाणी आणि एक कप साखर, म्हणजे २०० ग्रॅम. मी साखर १०० ग्रॅम घातली, वर संत्र्याची साल किसली. दहा मिनिटांत फळं फटाफट फुटतात. त्यांच्यात पेक्टिन भरपूर असतं, म्हणून अर्ध्या साखरेतही सॉस धरतो. गरम असताना पातळ दिसतो, तेव्हा घाबरून आटवत बसू नका. गार झाला की आपोआप घट्ट होतो.

मग काटा काढला. साखरेचे १०० ग्रॅम कार्ब्स, फळांचे साधारण ४०, तयार सॉस भरला ५६० ग्रॅम. म्हणजे ४० ग्रॅम वाढला की १० ग्रॅम कार्ब्स. एवढं साधं गणित. ते मी तिला मेसेज केलं, बोलवर चिकटवलं नाही.

"पण बाकीच्यांनी का म्हणून कमी गोड खायचं?" हे मला विचारलं गेलंच. अहो, टर्की, लोणी, ग्रेव्ही एवढ्या जड ताटात हा सॉस आंबट उतारा म्हणून असतो. आपण लिंबाची फोड वाढतो ती कशासाठी? त्याचा पाक करून ठेवायचा आणि मग एकीसाठी 'बिनसाखरेचा' काढायचा, हा द्राविडी प्राणायाम आहे. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: सिलिअॅक असलेल्यांना वेगळी भांडी लागतातच. स्टफिंगमधला चमचा सॉसमध्ये बुडला, तर पावाचे तेवढे कणही त्यांना त्रास देतात. मान्य. पण मग त्यांना कोपऱ्यात एक वाटी देण्यापेक्षा स्टफिंगच पलीकडच्या ओट्यावर न्या. वेगळं बसायचंच असेल तर गव्हाला बसू दे.

यंदा टेबलावर सॉसचा एकच बोल होता. यजमानांच्या वडिलांना तो आंबट लागला. त्यांनी साखरेचा डबा मागून घेतला आणि आपल्या ताटातल्या सॉसवर भुरभुरवली. मैत्रिणीने दुसऱ्यांदा वाढून घेतला. तिला कोणी काही विचारलं नाही.