मागच्या वर्षी सांगितलं त्याचं काय झालं?

गेल्या दिवाळी अंकात मी गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल लिहिलं होतं. त्यावर मला जेवढे फोन आले, तेवढे माझ्या एकाही शोधनिबंधावर आयुष्यात आले नव्हते. यंदाचा विषय जरा कोरडा वाटेल. विषय आहे ॲडव्हायजरी बोर्ड. पान उलटू नका. या बोर्डामुळे आमच्या तळघरात सध्या तीन जादा गाद्या आहेत, त्याची ही हकीकत आहे.

आमचं गाव मका-सोयाबीनच्या पट्ट्यातलं. गावात ट्रॅफिक लाइट सहा, त्यातला एक विद्यापीठामुळे लागलेला. भारतीय किराणा हवा तर सत्तर मैल गाडी हाकायची. या गावातल्या लहानशा सरकारी विद्यापीठात मी एकतीस वर्षं कृषी अभियांत्रिकी शिकवली. निवृत्त झाल्यावर, दोन वर्षांपूर्वी, प्रेसिडेंटच्या ऑफिसातून पत्र आलं: समाजातील पुढाऱ्यांचं एक सल्लागार बोर्ड नव्यानं नेमत आहोत, भारतीय समाजाचे पुढारी म्हणून आपण यावं. सौ.नं पत्र वाचलं आणि म्हणाली, "पुढारी? गणपतीनंतर टेबलं घडी करायला शेवटपर्यंत तुम्ही एकटेच थांबता, एवढंच काय ते पुढारपण."

खरं तर असल्या बोर्डांची मला आतून माहिती होती, कारण एक मी स्वतः चालवलं होतं. विभागप्रमुख असताना आमच्या विभागाचं ॲडव्हायजरी बोर्ड वर्षातून दोनदा भरायचं. शेतात पाण्याचा निचरा करणारे पाइप घालणारा कंत्राटदार, धान्याच्या सहकारी संस्थेचा मॅनेजर, बँकवाला, शाळांचा सुपरिंटेंडंट आणि एक दुभत्या गाईंचा गोठा चालवणारी बाई. मी चाळीस मिनिटं स्लाइड दाखवायचो, मग जेवण, मग फोटो. या बाई तेव्हा साठीच्या असतील. प्रत्येक मीटिंगला हात वर करून त्या एकच प्रश्न विचारायच्या: "मागच्या वेळी आम्ही सांगितलं होतं, त्याचं काय झालं?"

त्यांनी सांगितलं होतं ते अगदी साधं होतं. सकाळी आठची लॅब दहाला करा. ज्यांच्या घरी गाई आहेत ती मुलं पहाटे साडेचारला गोठ्यात असतात. दूध काढून, यंत्रं धुऊन, अंघोळ करून, चाळीस मिनिटं गाडी चालवून आठला पोचणं जमत नाही. हिवाळ्यात तर नाहीच. मी म्हणायचो, वेळापत्रक रजिस्ट्रारच्या हातात आहे. इतिवृत्तात लिहायचो, "या विषयावर उपयुक्त चर्चा झाली." असं चार वर्षं चाललं. तेवढ्या काळात त्यांच्या शेजारपाजारची दोन मुलं आमचा कोर्स सोडून गेली.

पाचव्या वर्षी अभियांत्रिकीच्या मान्यतेसाठी तपासणी यायची होती. आमच्या क्षेत्रात ही मान्यता एबेट नावाची संस्था देते. अभ्यासक्रमाची उद्दिष्टं ठरवताना बाहेरच्या संबंधितांचं मत घेता का, याचा पुरावा ती मागते. फाइल उघडली तर आमच्याकडे उपयुक्त चर्चांखेरीज काही नव्हतं. मी रजिस्ट्रारला फोन केला. नऊ दिवसांत लॅब दहाला गेली. चार वर्षं जे अशक्य होतं, ते तपासनीसांना कागद दाखवायचा म्हटल्यावर नऊ दिवसांत झालं. पुढच्या मीटिंगला मी मोठ्या अभिमानानं ही बातमी दिली. बाई म्हणाल्या, "चांगलं झालं. ती दोघं आता ट्रक चालवतात." त्यानंतर त्यांनी पुढचा मुद्दा काढला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता थोडा इतिहास. प्राध्यापकाला कॉलम दिल्यावर एवढं सोसावं लागणारच.

अमेरिकेत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी सरकारी विद्यापीठं उभी राहिली त्याच्या मुळाशी १८६२ चा मॉरिल कायदा आहे. लिंकननं त्यावर सही केली तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. दर सिनेटर आणि प्रतिनिधीमागे राज्याला तीस हजार एकर सरकारी जमीन मिळायची आणि ती विकून शेती व यंत्रविद्येचं कॉलेज काढायचं. ती जमीन मुळात आदिवासी जमातींकडून घेतलेली होती, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं; माझ्या नातीला हायस्कुलात शिकवलं, तिनं मला सांगितलं. पुढे १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्यानं विद्यापीठाचं ज्ञान शेतापर्यंत नेणारी एक्स्टेन्शन सेवा देशभर सुरू झाली. केंद्र, राज्य आणि काउंटी अशा तिघांच्या पैशांवर ती चालते.

यातली माझी आवडती व्यवस्था शेजारच्या आयोवा राज्यातली. तिथे एक्स्टेन्शनचे शंभर जिल्हे आहेत. काउंट्या नव्व्याण्णवच, पण एक मोठी असल्यानं दोनात विभागलेली. प्रत्येक जिल्ह्यात नऊ जणांची कौन्सिल असते आणि ती लोक मतपत्रिकेवर निवडून देतात. या कौन्सिलला मालमत्ता करातून निधी उभारण्याचा अधिकार आहे. म्हणजे विद्यापीठाच्या माणसासमोर बसलेला शेतकरी नुसता सल्ला देत नाही, त्याच्या खिशात किल्ली असते. मी एकदा अशा बैठकीला पाहुणा म्हणून गेलो होतो. जेवणबिवण काही नव्हतं, पेल्यात पातळ कॉफी. पण मागच्या बैठकीतला प्रत्येक मुद्दा घेऊन, हे झालं, हे नाही झालं, हे का नाही झालं, असं दीड तास चाललं. आमच्या विभागाच्या फोटोंपेक्षा तो दीड तास माझ्या जास्त लक्षात राहिला.

आणि तिथे बसल्याबसल्या मला साताऱ्याकडची आमची शाळा आठवली. रयत शिक्षण संस्थेची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी संस्था काढली १९१९ साली, कराडजवळच्या काले गावात. वसतिगृहातल्या मुलांसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा व्हायचं. आमच्या शाळेच्या भिंतींचे दगड माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या बरोबरीच्यांनी वाहिलेले. त्यामुळे गावातला कोणीही म्हातारा काठी टेकत शाळेत यायचा आणि हेडमास्तरांना विचारायचा, "गुरुजी, पोरांना इंग्रजीला मास्तर कधी येणार?" त्याला कोणी सल्लागार म्हणून नेमलेलं नव्हतं. गुरुजी मात्र खुर्चीतून उठून त्याला उत्तर द्यायचे.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगानं, १९४८-४९ मध्ये, ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. तिच्यामागचा एक मोठा आग्रह आर्थर मॉर्गन या अमेरिकी सदस्याचा होता. ते अँटिओक कॉलेजचे माजी प्रमुख आणि टेनेसी खोरे प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष. पुढे गारगोटीच्या मौनी विद्यापीठात, जे. पी. नाईकांच्या पुढाकारानं, या धर्तीवर काम झालं. १९६० मध्ये पंतनगरला पहिलं कृषी विद्यापीठ निघालं ते लँड-ग्रँटच्या नमुन्यावर, इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं. तेव्हा इकडून तिकडे, तिकडून इकडे ही देवघेव आपल्यापैकी बहुतेकजण इथे येण्याच्या आधीपासूनची आहे.

असो. प्रेसिडेंटच्या बोर्डाकडे वळतो.

पहिली मीटिंग वसंतात झाली. आम्ही चौदा जण: हॉस्पिटलचे प्रमुख, दोन पाद्री, फायर चीफ, शाळांच्या सुपरिंटेंडंट, काही दुकानदार, आणि मी. विद्यार्थिसंख्या घटतेय, अशा ग्रामीण विद्यापीठांची सगळीकडे हीच रड आहे, म्हणून काही विभाग बंद होणार, असं स्लाइडवर आलं. यादीत संगीतशिक्षण होतं. सुपरिंटेंडंटबाई म्हणाल्या, "आमच्या पाच काउंट्यांना गाण्याचे शिक्षक इथूनच मिळतात." प्रेसिडेंट अतिशय सौजन्यानं म्हणाले की ट्रस्टींनी दोन आठवड्यांपूर्वीच मतदान केलं आहे. ट्रस्टी बोर्डाला निर्णयाचा अधिकार, आमच्या बोर्डाला जेवणाचा. मग फोटो निघाला. मी मधोमध उभा, कारण मीच एकटा सावळा. माहितीपत्रकात तो फोटो छान आलाय.

शरदातल्या मीटिंगला मी एक मुद्दा नेला. डिसेंबरात सत्र संपलं की इथली हॉस्टेलं तीन-साडेतीन आठवडे बंद होतात, जेवणघरही बंद. इथली मुलं घरी जातात. आपली मुलं कुठे जाणार? २०२३-२४ मध्ये अमेरिकेत शिकणारे भारतीय विद्यार्थी ३ लाख ३१ हजारांहून अधिक होते, चीनलाही मागे टाकलं. ते सगळे बोस्टनला आणि कॅलिफोर्नियात नसतात. बरेच आमच्यासारख्या गावांत येतात, कारण फी कमी. आणि इथे बस नाही. विमानतळ दोन तासांवर. आल्यावर मुलाच्या लक्षात येतं की गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. अशी मुलं जी जादा फी भरतात त्यावर विद्यापीठाचं बरंच भागतं, हेही मी बोललो. मागणी एवढीच की एक इमारत उघडी ठेवा, एक स्वयंपाकघर चालू ठेवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतिवृत्त आलं तेव्हा त्यात काय लिहिलं होतं, तुम्ही ओळखलं असेलच. वाक्यसुद्धा माझंच वाटलं.

डिसेंबरात हॉस्टेल बंद झालं. आपल्या मंडळातल्या पाच कुटुंबांनी मुलं वाटून घेतली. आमच्याकडे तिघं होती. एक नांदेडचा, एक वरंगळचा, एक काठमांडूचा. तळघरात झोपायची, रात्री दोनला घरी व्हिडिओ कॉल करायची, आणि सौ.च्या पिठल्याची तारीफ करायची. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण नांदेडच्या मुलानं आईला सांगितलं होतं की तो हॉस्टेलमध्येच आहे, तिला काळजी नको म्हणून. ते ऐकलं आणि मी ठरवलं.

गोठेवाल्या बाईंना भेटायला गेलो. आता त्या ऐंशी पार आहेत. गाई विकल्या, गोठा रिकामा. मी त्यांना विचारलं, तुम्ही चार वर्षं तोच प्रश्न कसा विचारत राहिलात? त्या म्हणाल्या, "जेवणाच्या आधी विचारायचा. जेवणानंतर सगळे घड्याळ बघतात. आणि उत्तर मिळेपर्यंत बसून राहायचं."

या वसंतात मी जेवणाच्या आधी हात वर केला. सोबत एक साधा कागद नेला होता, तीन रकाने: काय सुचवलं, काय केलं, केलं नसेल तर का. उपाध्यक्षबाई म्हणाल्या, "हे बोर्ड फक्त सल्लागार आहे, विद्यापीठावर बंधन नाही." मी म्हटलं, आमचं ऐकायचं बंधन नकोच, तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत, मी त्याच खुर्चीत बसलोय. फक्त तिसरा रकाना भरा. सुपरिंटेंडंटबाईंनी अनुमोदन दिलं, मग फायर चीफनं. मी बसून राहिलो. फोटोवाला दारात ताटकळत होता. शेवटी कागद कामकाजात घेतला.

इथे एक कबुली द्यायला हवी. हे सगळं मी घरी रंगवून सांगत होतो तेव्हा माझी नात म्हणाली, "आजोबा, पण आम्ही मंडळाला सांगितलं होतं की दिवाळीच्या नाटकाला इंग्रजी सबटायटल्स लावा. दोनदा सांगितलं." मंडळाच्या माजी अध्यक्षांच्या सल्लागार समितीवर मी सात वर्षं आहे. वही काढून पाहिली. "सूचना नोंदवून घेतली," अक्षर माझंच. तर यंदा नाटकाला सबटायटल्स आहेत. नातीनं आणि तिच्या मैत्रिणींनी केलेली. विनोद कळले नाहीत तर त्यांना विचारा, मला नको.

विद्यापीठाचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. संगीतशिक्षणासमोर तिसऱ्या रकान्यात अर्धं पान कारणं आहेत. सुपरिंटेंडंटबाईंना ती पटलेली नाहीत, त्या ट्रस्टींच्या जाहीर बैठकीत बोलणार आहेत. हिवाळी हॉस्टेलसमोर लिहिलंय: "एका इमारतीचा हीटिंगचा खर्च काढत आहोत, पुढील बैठकीत सांगू." पुढची बैठक दिवाळीनंतरच्या आठवड्यात आहे, हॉस्टेल बंद होतं डिसेंबरच्या मध्यावर. खर्च आला तर बरंच. नाही आला तर आमच्याकडे तीन गाद्या आहेत, आणि यंदा मुलं सहा आहेत. ज्यांच्या तळघरात जागा असेल त्यांनी पाडव्यापर्यंत सौ.ला फोन करावा, मला नको, मी फोन उचलत नाही.