पत्ते सारखे, पुंजी वेगळी

पोकर हा जुगार नव्हे, बुद्धीचा खेळ आहे, हा युक्तिवाद गेली काही वर्षे इतक्या आग्रहाने मांडला गेला की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या सुशिक्षित तरुणांना तो स्वयंसिद्ध वाटू लागला आहे. पुरोगामी मंडळींनी त्याला दिलेले उत्तर मात्र दुबळे आहे. 'हा सारा नशिबाचा खेळ' एवढे बोलून ती मोकळी होतात. या उत्तराने कोणाही तरुणाचे समाधान होत नाही, कारण ते खरे नाही. पोकरमध्ये कौशल्य आहे. ते कौशल्य कोणाच्या कामी येते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी खेळ थोडा समजून घेतला पाहिजे. पोकरच्या स्पर्धेत प्रत्येकजण सारखे प्रवेशशुल्क भरतो आणि सारख्या चिप्स घेऊन बसतो. चिप्स संपल्या की तो बाद. शेवटी उरणाऱ्या मोजक्यांना बक्षिसे मिळतात. प्रत्येक डावात आळीपाळीने दोघांना सक्तीची बोली लावावी लागते आणि ती ठरावीक वेळाने वाढत जाते. म्हणजे नुसते गप्प बसून कोणाला टिकता येत नाही. प्रत्येकाला दोन मिटलेली पाने मिळतात. पुढे पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात, त्यांपैकी पहिली तीन एकदम. ती उघडण्यापूर्वीच हातातली दोन पाने टाकायची, बोली स्वीकारायची, वाढवायची, की सर्व चिप्स एकदम लावायच्या, हे ठरवावे लागते.

दोन्ही पाने एकाच किमतीची आली तर ती जोडी. ५२ पानांतून दोन पानांचे १,३२६ संयोग होतात, त्यांत जोड्या ७८. म्हणजे सरासरीने १७ डावांत एकदा जोडी हाती येते. तीनपत्तीवर वाढलेला नवखा खेळाडू ती पाहून हरखतो आणि तेथेच फसतो. अठ्ठीची जोडी एक्का-राजासमोर १०० पैकी सुमारे ५५ वेळा जिंकते. पण समोर तिच्याहून मोठी जोडी असेल तर जेमतेम २० वेळा. पहिल्या तीन उघड्या पानांत तिसरी अठ्ठी येण्याचा संभव १०० त सुमारे १२. म्हणून जाणता खेळाडू चिप्स भरपूर असताना लहान जोडीवर स्वस्तात पाने पाहतो आणि तिसरे पान न आल्यास डाव सोडतो. चिप्स सक्तीच्या बोलीच्या आठ-दहा पटींवर आल्या असतील, तर तीच जोडी घेऊन तो दुसऱ्या कोणी बोलण्याआधी सर्वस्व लावतो. हे गणित आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासमोर ते नाकारणारा कार्यकर्ता हास्यास्पद ठरेल.

पण हेच गणित दोन पावले पुढे नेले की खेळाचे अर्थकारण उघडे पडते. चार खेळाडू उरले आहेत, चौघांजवळ सारख्या चिप्स आहेत आणि बक्षिसे तीनच आहेत असे समजा: ५०, ३० आणि २० हजार. प्रत्येकाचा अपेक्षित वाटा २५ हजार. एकाने सर्व चिप्स लावल्या आणि दुसऱ्याने अठ्ठीच्या जोडीवर आव्हान स्वीकारले. जो हरेल त्याच्या हाती शून्य. जो जिंकेल त्याच्या चिप्स दुप्पट होतील. पण पुढे जिंकण्याचा संभव चिप्सच्या प्रमाणात धरला, तर त्याचा वाटा ५० हजार होत नाही, सुमारे ३८,३०० होतो. उरलेले ११,७०० रुपये कोठे गेले? पाने टाकून स्वस्थ बसलेल्या दोघांकडे. त्यांचा वाटा प्रत्येकी २५ हजारांवरून ३०,८०० वर गेला. सक्तीच्या बोलीचा हिशेब बाजूला ठेवला, तर येथे १०० पैकी ६५ हून अधिक वेळा जिंकण्याची खात्री असल्याशिवाय आव्हान स्वीकारणे हा तोटा आहे. समोर एक्का-राजा असूनही अठ्ठीची जोडी टाकून द्यावी लागते. दोघे झुंजतात आणि बघे श्रीमंत होतात.

आता चौघांपैकी एकाजवळ चिप्सचा डोंगर आहे असे समजा. तो हरला तरी स्पर्धेत उरतो. म्हणून वाटेल त्या रद्दी पानांवर तो इतरांना धमकावू शकतो. इतरांना हाती जोडी असूनही माघार घ्यावी लागते. निर्णय पानांवरून होत नाही, पुंजीवरून होतो.

यावर समर्थकांचे उत्तर ठरलेले आहे: 'आरंभी सर्वांना सारख्याच चिप्स मिळतात, याहून मोठी समता कोणती?' चिप्स सारख्या असतात; खिसे सारखे नसतात. ५५ टक्क्यांच्या अशा पाच झुंजी ओळीने जिंकण्याचा संभव १०० त अवघा ५. मोठी जोडी हाती घेऊन ८० टक्क्यांच्या पाच झुंजी लढल्या तरी १०० त ३३. कौशल्याचे फळ दिसायचे तर शेकडो स्पर्धा खेळाव्या लागतात आणि शेकडो प्रवेशशुल्के बुडवण्याची तयारी ठेवावी लागते. कंत्राटी पगारावर घर चालवणाऱ्या घाटकोपरच्या तरुणाला अशा तीन-चार संधी परवडतात. पाचवी तो उसनवारीने घेतो. ज्याला शंभर वेळा हरण्याची ऐपत आहे त्याच्यासाठी पोकर कौशल्याचा खेळ आहे; ज्याला नाही त्याच्यासाठी तोच खेळ जुगार आहे. त्याने जोडीचे गणित कितीही घोकले तरी यात फरक पडत नाही.

यात एक पक्ष कधीच हरत नाही. हजार रुपये प्रवेशशुल्कातले शंभर आयोजकाने ठेवले, तर सर्व खेळाडू मिळून दहा टक्के हरणार हे पाने पिसण्यापूर्वीच ठरलेले असते. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या मटक्याने गिरणगावापासून उपनगरांपर्यंत कामगारांचे पगार ओढले. दहा आकड्यांतला एक उघडायचा आणि लागलेल्या रुपयाला सर्वसाधारणपणे नऊ रुपये मिळायचे. कपात तीच. मटकेवाल्यामागे पोलीस लागले. स्पर्धेच्या आयोजकाला मात्र 'उद्योजक' ही पदवी मिळाली.

या पदवीला कायद्याने आधार दिला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला खटल्यात जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाकारले. १९६८ साली रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरवला. २०१७ साली गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगार म्हटले. २०२२ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने पैशाच्या ऑनलाइन खेळांवरील राज्याची बंदी रद्द केली. कौशल्य किती आणि नशीब किती, हे सर्वांनी मोजले. खेळणाऱ्याची ऐपत मात्र मोजली गेली नाही.

सरकारची भूमिका याहून उद्बोधक आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आकारून ते या धंद्याचे भागीदार झाले. दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने पैशाच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्य आणि नशीब हा पोकळ भेद त्या कायद्याने मोडीत काढला, हे योग्यच झाले. परंतु मांडवीतल्या जहाजांना त्याने हात लावला नाही. गोव्याने आपल्या १९७६ च्या कायद्यात दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांत आणि जहाजांवर जुगाराला वाट करून दिली; ती वाट मोकळीच राहिली. महाराष्ट्राने आपला १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द केला, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. तरीही उपनगरातला पैसेवाला विमानाने पणजीला जाऊ शकतो. बाकीच्यांसाठी बंद दाराआडची टेबले उरतात, जेथे कपातीचा दर विचारायचीही सोय नाही.

तेव्हा केवळ बंदीवर समाधान मानणे ही चळवळीची आत्मवंचना ठरेल. खेळावर कपात कोण घेतो आणि हरणाऱ्याचे कर्ज कोणाच्या घरावर बसते, या कसोटीवर कायदा उभा राहिला पाहिजे. मग खेळ मोबाईलवरचा असो की जहाजावरचा. कर्जात बुडालेल्या कुटुंबाला सावकाराच्या तगाद्यापासून संरक्षण मिळाले पाहिजे. भांडुप-मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरील कारखाने बंद पडून तेथे मॉल आणि मनोरे उभे राहिले. कायम नोकरीची आशा आटत गेली. त्या पोकळीत 'डोके चालवा आणि कमवा' ही हाक तरुणाला गोड वाटली, यात त्याचा दोष थोडा. बोरिवलीच्या लोकलमध्ये गुडघ्यांवर ब्रीफकेस ठेवून मेंढीकोट खेळणाऱ्यांना कोणी उपदेश करण्याची गरज नाही. तेथे कपात घेणारा कोणी नसतो.

शाखाशाखांतून तरुणांशी बोलताना कार्यकर्त्यांनी नीतिपाठ बाजूला ठेवावा आणि कागद-पेन्सिल घ्यावी. चार खेळाडू, तीन बक्षिसे आणि अठ्ठीची जोडी एवढे उदाहरण पुरे आहे. ज्या तरुणाला जोडी कधी टाकायची हे कळते, त्याला हे टेबल कोणाच्या सोयीसाठी मांडले आहे, हेही कळेल.