आणली आपण, मग उपाशी ती का?



गेल्या महिन्यात आमच्या मुलुंडच्या घरात एक पाल आली. भिंतीवरची नव्हे, ती आधीपासून आहे. ही काचेच्या पेटीतून आली. पिवळा रंग, अंगभर काळे ठिपके, शेपूट मधोमध फुगलेली. तिला लेपर्ड गेको म्हणतात. मुलाने नातवाच्या दहाव्या वाढदिवसाला आणली. मला विचारलं नाही, कारण विचारलं तर मी नाही म्हणणार हे त्याला ठाऊक होतं. नातवाने नाव ठेवलं बर्फी.

मंदिरात बातमी माझ्याआधी पोचली. एक म्हणाली, "अगं, ती किडे खाते. सोडून दे, नॅशनल पार्क काय लांब आहे?" दुसरी म्हणाली, "ठेवायचीच असेल तर फळं दे, पनीर दे, हळूहळू सवय होईल." तिसरीने शास्त्र काढलं, "हे असतीपोषण झालं, घराला दोष लागेल." आजचं लिखाण या तिघींसाठी आहे. आणि माझ्या मुलासाठीही.

आधी मुलाचं बघू. मी बी.कॉम. झाले तेव्हा आमच्या सरांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती. वस्तू घेताना किंमत सगळे लिहितात, मागून येणारं देणं लिहायला विसरतात. या पालीचं देणं मी वहीत मांडलं. चांगली निगा राखली तर ती पंधरा-वीस वर्षं जगते. आज मी चौसष्ट वर्षांची आहे. ती म्हातारी होईल तेव्हा मी ऐंशीच्या घरात असेन आणि नातू नोकरीसाठी कुठे असेल कोण जाणे. मोठी झालेली पाल साधारण एक दिवसाआड जेवते. वर्षाला १८२ वेळा. दर वेळी सहा रातकिडे धरले तर वर्षाला १,०९२. पंधरा वर्षांत १६,३८०. आपण पाणी गाळून पितो, धान्य निवडताना एक टोका सापडला तर अलगद बाहेर ठेवतो. आणि एका वाढदिवसासाठी १६,३८० जिवांचं देणं डोक्यावर घेतलं. दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर हा आकडा नसतो.

पावतीही तशीच. 'टँक व साहित्य' एवढंच लिहिलेलं, प्राण्याचा उल्लेख नाही. माल दिला पण बिलावर नाही म्हटल्यावर मनात शंकेची पाल चुकचुकायलाच हवी होती. आपल्याकडचे रानातले प्राणी पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंधनं आहेत, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा त्यात येतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते. म्हणून मुलाला बजावलं आहे, वनविभागात जा, जे घडलं ते खरं सांग, ते सांगतील तसं करू. पण त्यांचं उत्तर येईपर्यंत बर्फी आपली जबाबदारी आहे. फायलीवर सही होईपर्यंत पोट थांबत नाही.

आता "सोडून दे" म्हणणारीला. ही पाल अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्येकडच्या कोरड्या, खडकाळ भागातली. आपल्या घरातल्या पालीसारखी तिच्या बोटांना चिकटपट्टी नसते, नुसती नखं असतात. गुळगुळीत भिंत तिला चढता येत नाही. मुंबईच्या पावसात तिला नॅशनल पार्कच्या कडेला ठेवलं तर मांजर, कावळा किंवा ओलावा, यांपैकी कोणीतरी तिला संपवणार. आपल्या डोळ्यांआड झालं म्हणून ते मारणं नव्हे का? आणि समजा जगलीच, तर तिथल्या जिवांमध्ये आपण एक परका शिकारी आणि त्याचे रोग सोडले. सणाच्या दिवशी पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन उडवणारेही असंच करतात. आपल्याला पुण्य मिळाल्यासारखं वाटतं आणि पारध्याला पुढच्या खेपेचं गिऱ्हाईक मिळतं.

फळं-पनीरवालीला माझं उत्तर आणखी कडक आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेत आपण सगळ्यांनी घोकले आहेत. पहिला बघा, बंध. जिवाला कोंडणं. तो दोष माझ्या मुलाने पैसे मोजले तेव्हाच लागला. शेवटचा बघा, अन्नपाननिरोध. जे अन्न त्या जिवाला लागतं ते अडवणं. ही पाल कीटकांवरच जगते, फळं आणि पनीर तिला पचत नाही. ती शेपटीतल्या चरबीवर काही आठवडे काढेल आणि मग सुकत जाईल. आपला शाकाहार आपण समजून-उमजून घेतलेलं व्रत आहे. तिला व्रत कोणी दिलं? तिच्यावर लादलेला उपवास म्हणजे उपासमार.

तिसरीचं शास्त्र खरं आहे, पण अर्धं. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात असतीपोषण सांगताना पोपट, मैना, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर अशी नावं घेतली आहेत, आणि ती पैशासाठी पाळण्याबद्दल. तो बोट दाखवतो पैदास करून विकणाऱ्यांकडे. हौसेने विकत घेणाऱ्यांनीही तो स्वतःला लावून घ्यावा, माझी हरकत नाही. पण घरात आलेल्या जिवाला हाकलण्यासाठी तो वापरू नका.

मांसाहारी जिवांचं काय करायचं हा प्रश्न आपल्याकडे आज पहिल्यांदा आलेला नाही. दिल्लीत चांदणी चौकातल्या दिगंबर जैन लाल मंदिरात पक्ष्यांचं रुग्णालय आहे. तिथे मांसाहारी पक्ष्यांना भरती करून ठेवत नाहीत, पण जखम बांधून, औषध देऊन पाठवतात. मर्यादा घातली, तरी दार लावलं नाही. आपल्या भुलेश्वरची पांजरपोळ १८३४ ची. सरकारने मोकाट कुत्री मारायला काढली, त्यावरून शहर पेटलं, आणि त्यानंतर सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांनी ती उभी केली. कुत्रा काय खातो हे त्यांना माहीत नव्हतं का?

तुम्ही विचाराल, रातकिड्यांना जीव नाही का? आहे. म्हणूनच मी याला पुण्य म्हणत नाही. मागच्या आठवड्यात मुलगा कामासाठी पुण्याला होता, सून रात्रपाळीला. नातवाला ताप होता. आमचं जेवण सूर्यास्ताआधी उरकलेलं, तिची वेळ अंधार पडल्यावर. नातू अंथरुणातून म्हणाला, "आजी, बर्फी परवापासून उपाशी आहे." मी बाल्कनीतला डबा उघडला. हात थरथरत होता. सहा रातकिडे चिमट्याने पेटीत सोडले, खोलीबाहेर आले आणि नऊ वेळा णमोकार म्हटला. दुसऱ्या दिवशी आलोचनेत ते सांगितलं. वहीत ते खर्चाच्या बाजूलाच लिहिलं आहे. जमेच्या बाजूला सरकवण्याचा खोटेपणा मला जमणार नाही. पण ती पाल उपाशी ठेवून मी स्वच्छ राहिले, असं लिहिणं त्याहून मोठा खोटेपणा झाला असता.

ज्यांच्या घरी असा जीव आधीच आला आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचं थोडं सांगते. पहिले आठ-दहा दिवस तिला हातात घेऊ नका. पाहुण्यांना दाखवायला काढू नका. पेटीच्या तीन बाजू कागदाने झाका आणि ती टीव्हीपासून दूर ठेवा. लपायला दोन जागा हव्यात, एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला. उबेची बाजू ३२ अंशांच्या आसपास, दुसरी २५-२६, आणि गरम करणाऱ्या चटईला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पोट भाजतं. खाली वाळू नको, ती किड्याबरोबर गिळली जाऊन आतडं तुंबू शकतं. साधा टिश्यू पेपर अंथरा. उथळ वाटीत रोज ताजं पाणी. कात टाकण्यासाठी एका झाकणाच्या डबीत ओलसर कागद ठेवा, बाकी पेटी कोरडी, विशेषतः आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये. सुरुवातीचे काही दिवस ती खाणार नाही, घाबरू नका. न खाल्लेले किडे रात्रभर पेटीत ठेवू नका, ते तिलाच चावतात. किड्यांवर कॅल्शियमची पूड लावावी लागते. शेपटीला धरू नका, भीतीने ती शेपूट टाकते आणि तिचा साठवलेला शिधा त्यातच असतो. दुसरी पाल सोबतीला आणू नका. ती एकटीच बरी असते.

आणि ज्यांच्या घरी अजून आलेली नाही, त्यांनी आणू नये. मुलांना पाल बघायची हौस असेल तर संध्याकाळी दिवा लावा आणि ट्यूबलाइटकडे बघा. ती स्वतःहून आली आहे, स्वतःचं पोट भरते, हवं तेव्हा खिडकीतून जाते. तिच्यासाठी आपल्याला चटई नको, थर्मोस्टॅट नको, रातकिड्यांचा डबा नको. फक्त केरसुणी उगारायची नाही आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला सारखं बोलवायचं नाही. एवढं केलं तर हे घर तिचंही आहे.

बर्फीचं मात्र तसं नाही. तिला आपण आणलं. काल रात्री पहिल्यांदा ती दिवा चालू असताना गुहेतून बाहेर आली, पाणी प्यायली आणि माझ्याकडे बघत राहिली. मंदिरातल्या तिघींना सांगते, तिला बघायला जरूर या. सोडून दे म्हणायला येणार असाल, तर आधी जेवून सूर्यास्तानंतर या. तुमच्यासमोर तिचं जेवण वाढेन, मग सांगा कोणाच्या तोंडचा घास काढू.