दरवाज्यांच्या शहराचा जाहीरनामा

आम्ही या शहराचे रहिवासी. ते खडकी होतं, औरंगाबाद झालं, आज छत्रपती संभाजीनगर आहे. नावावरून आपण पिढ्यान् पिढ्या वाद घातला. त्याच पिढ्यांत तटबंदी ढासळली, दरवाज्यांच्या भेगांत पिंपळ रुजले. मलिक अंबरने खापरी नळांतून आणलेली नहर कुठून कुठे जाते, हे सांगणारी माणसं विरळ झाली. चारशे वर्षांपूर्वी उताराच्या हिशेबावर पाणी खेळवणाऱ्या शहरात आज नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. याची लाज सर्व पक्षांनी वाटून घ्यावी!

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सिद्धार्थ उद्यानात झेंडा फडकतो, भाषणं होतात. दुपारी मुक्तिसंग्राम पुन्हा वर्षभरासाठी बंद.

आम्ही मानतो की इतिहास सरकारच्या ताब्यातली मिळकत नाही. १९३८ मध्ये इथल्या कॉलेजातल्या पोरांनी निजामाची बंदी झुगारून वंदे मातरम् म्हटलं, तेव्हा त्यांना कुणी परिपत्रक धाडलं नव्हतं. १९५० मध्ये बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभं केलं आणि गावकुसाबाहेरच्या मुलांना पदवीचं दार उघडलं. मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव मिळावं यासाठी १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत माणसं लढली, काहींनी जीव दिला. हे शहर सुलतान-बादशहांनी वसवलं असेल. घडवलं ते लोकांनी.

म्हणून आम्ही कामाला लागत आहोत. मुघलांवरच्या विजयाची खूण असलेल्या भडकल दरवाज्यापासून सुरुवात करू. प्रत्येक दरवाज्याचे शेजारी त्याचे राखणदार होतील. पडझडीची नोंद ठेवतील, पुरातत्त्व खात्याला आणि महापालिकेला तारखेनिशी जाब विचारतील. चुना-दगडाला हात मात्र जाणकारच लावतील. हौसेने फासलेल्या सिमेंटने आजवर कमी नुकसान केलेलं नाही. नहरीचा नकाशा शाळकरी मुलांसोबत, पायी फिरून काढू. मुक्तिसंग्राम पाहिलेले आजी-आजोबा आता थोडेच उरले आहेत. आधी त्यांच्याकडे जाऊ. त्यांचं बोलणं मराठीत असो वा दखनीत, जसंच्या तसं नोंदवू. हिमरू विणणाऱ्या घरांतही जाऊ. महापालिकेच्या अंदाजपत्रकात वारशासाठी किती रक्कम ठेवली आणि किती खर्चली, हे दर वर्षी वॉर्डावॉर्डांत वाचून दाखवू.

आडनाव, मोहल्ला, पक्ष आम्ही विचारणार नाही. येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की थेट घरी जाऊ नका. वाटेत जो दरवाजा लागेल तिथे थांबा आणि राखणदारांच्या यादीत आपलं नाव घाला.