रिकाम्या जागेची किंमत

२०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं. कशासाठी? धातूचे अणू आणि कार्बनी रेणू जोडून आतून पोकळ, जाळीदार स्फटिक बनवले म्हणून. दोन-चार ग्रॅम पावडरीत फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग! त्या छिद्रांत हायड्रोजन साठवता येतो, कार्बन डायऑक्साइड पकडता येतो, उत्प्रेरक बसवता येतो.

रॉबसनना कल्पना सुचली १९७४मध्ये, विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांची मॉडेल्स करताना. पेपर आला १९८९मध्ये. आपल्याकडे इतकी वर्षं कोणी थांबू दिलं असतं?

आपल्याला जमत नाही असं मुळीच नाही. पुण्याच्या एनसीएलनं १९८०च्या दशकात सच्छिद्र झिओलाइटचे उत्प्रेरक कारखान्यापर्यंत नेऊन दाखवलेत.

आता आकडे बघा. २०२३च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनसाठी १९,७४४ कोटी. त्यात संशोधनाला ४०० कोटी, म्हणजे जेमतेम दोन टक्के! बाकीचा मोठा हिस्सा उत्पादनाच्या प्रोत्साहनाला.

कारखाने हवेतच, वाद नाही. पण उत्प्रेरक दुसऱ्याचा असेल तर आपण फक्त जोडणी करत बसणार. माझ्या ओळखीतले पीएचडीवाले फेलोशिपची वाट बघत महिने काढतात. आधी त्यांचे पैसे वेळेवर द्या, मग आत्मनिर्भरतेवर बोलू.

तुम्हाला काय वाटतं?